शंभर सीसीचा भंडारा

माझी शाळा तिसरीपर्यंत. लिहिण्यात चुका होतील, त्या सांभाळून घ्या असं मी म्हणणार नाही. चूक सांभाळून घेत बसलं की काय होतं, तेच सांगायला बसलोय.

माझी बायको जाऊन दीड वर्ष झालं. तिच्या हातून एकदा खोटी शपथ घडली, ती माझ्यामुळं. शपथ खोटी आहे हे तिला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, आणि मी तिथंच उभा होतो. गोष्ट एवढीच आहे, पण ती कळायला इंजिनाची थोडी माहिती लागते.

वसमतहून आखाडा बाळापूरकडं जाताना एका फाट्यावर माझं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार पत्रे आणि एक बाभळीचं झाड. आमच्या घरात शेळ्या-मेंढ्यांचा धंदा. मी लहानपणीच मेंढरं सोडून वसमतला एका मिस्त्रीच्या हाताखाली गेलो आणि पान्हे देता देता काम शिकलो. तेव्हा नव्वदच्या पुढच्या सालात जिकडंतिकडं शंभर सीसीच्या टू-स्ट्रोक गाड्या होत्या. गाडी फाट्यावर वळायच्या आत तिच्या आवाजावरून मी सांगायचो, हिची रिंग गेली, हिला ऑईल जास्त होतंय. सेनगावाहून लोक गाडी घेऊन यायचे. माझा रुबाब होता, खोटं कशाला बोलू.

बायको सकाळी शेळ्यांकडं बघायची आणि दुपारून गॅरेजवर यायची. पिस्टन, रिंगा रॉकेलात धुवायचं काम तिचं. धुतलेला पिस्टन फळीवर उभा ठेवला की कुणाचा तरी हात लागायचा, तो खाली पडायचा आणि कड मोडायची. मग तिनं एक युक्ती काढली. तिच्या आईची एक जुनी पितळी बांगडी होती, सव्वादोनच्या मापाची. तिच्या हातात ती जात नव्हती. ती बांगडी तिनं फळीवर तारेनं बांधून टाकली आणि धुतलेला पिस्टन तिच्यात उभा करायला लागली. शंभरच्या गाडीचा पिस्टन त्यात अलगद बसायचा, भोवती थोडी जागा राहायची. किती वर्षं आमचे पिस्टन त्या बांगडीत बसले त्याला गणती नाही.

मग दोन हजार साल उलटलं आणि दीडशे सीसीच्या नव्या फोर-स्ट्रोक गाड्या आल्या. धूर नाही, पेट्रोल कमी. पोरं नांदेडाहून गाडी आणायची आणि मला लांबून दाखवायची. "मिस्त्री, हात नका लावू हां, वॉरंटी जाईल." माझ्या पत्र्याखाली दुपारभर एक गाडी येईना. बायको म्हणायची, "शेळ्या हायेत की, काहून तोंड पाडून बसता?" पण मला ते लागलं होतं.

त्याच हिवाळ्यात तालुक्यातल्या एका तरुण मंडळानं माळावर मोटरसायकलची शर्यत ठेवली. मातीतली. मुरमाच्या ट्रॉल्या ओतून उंचवटे केले, कडेनं जुने टायर पुरले. पुण्या-नाशकाकडं असं होतं म्हणे, त्याला मोटोक्रॉस म्हणतात. चहाच्या हॉटेलात नियमाचा कागद चिकटवला होता. त्यात लिहिलं होतं, टू-स्ट्रोक शंभर सीसीपर्यंत आणि फोर-स्ट्रोक दीडशे सीसीपर्यंत, दोन्ही एकाच गटात पळणार. कुणी हरकत घेतली तर जिंकलेल्याचं इंजिन सगळ्यांसमोर उघडून मापणार.

हॉटेलात नुसता गलका. "ही काय बराबरी झाली? एकाला शंभर अन् एकाला दीडशे?" मंडळाचा माणूस सांगायचा, बाहेरच्या देशात तर सव्वाशेची टू-स्ट्रोक अडीचशेच्या फोर-स्ट्रोकबरोबर पळते, आपल्याकडं एवढ्या मोठ्या गाड्या नाहीत म्हणून शंभर आणि दीडशे. कुणाला पटेना.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. टू-स्ट्रोकचं इंजिन दर फेऱ्याला पेट्रोल जाळतं. फोर-स्ट्रोकचं एक फेरा सोडून जाळतं. ती जात्यावर डाळ भरडत होती. जातं थांबवलं आणि म्हणाली, "म्हंजे एक बाई दर फेऱ्याला मूठ टाकते, दुसरी एक फेरा आड टाकते. मग दुसरीची मूठ मोठी पायजे, तवा दोघींचं पीठ बराबर निघल."

"व्हय, तसंच."

"मग दुप्पट काहून न्हाई? दीडपटच काहून?"

मी म्हणालो, "टू-स्ट्रोकवाली सांडलवंड करते. थोडं पेट्रोल न जळता धुरासंगं बाहेर जातं."

"मग नियम बराबर हाय," ती म्हणाली आणि परत जातं ओढायला लागली. गाव आठ दिवस भांडत होतं ते हिला दोन फेऱ्यांत कळलं. मला हसू आलं होतं. आता ते आठवलं की हसू येत नाही.

कारण नियम बरोबर आहे हे मलाही माहीत होतं, आणि तरी मी तो मोडला.

माझ्याकडं एक मोडीत आलेली मोठी टू-स्ट्रोक पडून होती, एकशे बत्तीस सीसीची. तिचं सिलिंडर बाहेरून शंभराच्या गाडीसारखंच दिसतं, आतलं भोक मात्र मोठं. शंभराचं भोक पन्नास मिलिमीटरचं, याचं अठ्ठावन्न. पिस्टनची खाली-वर चाल दोन्हीची सारखीच. मी खालच्या केसचं, म्हणजे सिलिंडर ज्या खोक्यावर बसतं त्याचं, तोंड कानशीनं मोठं केलं, सिलिंडरवरचा सीसीचा आकडा घासून काढला, ते काळं रंगवलं आणि माझ्या गाडीवर चढवलं. हे सगळं मी बायको शेळ्यांमागं गेली असताना उरकलं. दहा वर्षांत पहिल्यांदा एक पिस्टन तिच्या रॉकेलाच्या डब्यात गेला नाही.

मला बक्षीस नको होतं. मला त्या नव्या गाड्यांना धूळ चारायची होती. सगळ्यांनी म्हणावं, मिस्त्रीची टू-स्ट्रोक ती मिस्त्रीचीच.

शर्यतीच्या आदल्या दिवशी मी गाडी चालू केली तेव्हा बायको चुलीपाशी होती. आवाज ऐकून बाहेर आली. इतकी वर्षं पिस्टन धुतले होते तिनं, कानही तयार झाला होता.

"आवाज जाड येऊन राहिला," ती म्हणाली. "शंभरचंच हाय ना?"

"शंभरचंच. सायलेन्सर उघडलाय."

"बराबर ना?"

"अगं, बराबर म्हणलो ना."

ती आत गेली. तिनं परत विचारलं नाही. माझ्या शब्दावर ती थांबायची, हीच तिची चूक म्हणायची तर.

शर्यतीला माळ माणसांनी भरला होता. माझी पन्नाशी जवळ आलेली, बाकी सगळी मिसरूड फुटलेली पोरं. लाऊडस्पीकरवाला ओरडत होता, "आणि हे आपले मिस्त्री! यांच्या गाडीला धूर जास्त का यांना, ते बघू!" लोक हसत होते. माझ्या बरोबरीचा एकच होता, जवळच्या गावचा हळदीचा शेतकरी, चाळिशीचा. त्याच्याकडं नवी दीडशेची फोर-स्ट्रोक. माणूस सरळ, पण तोंडानं फटकळ. सुरुवातीलाच म्हणाला, "मिस्त्री, म्हागं राहिलात तर लाजू नका, माजी गाडी धूर सोडत न्हाई, रस्ता दिसल तुमाला."

पाच फेऱ्या होत्या. चौथ्या फेरीपर्यंत तो पुढं. वळणावर तो माझ्यापेक्षा चांगला चालवत होता, हे मी तेव्हाही बघितलं. शेवटच्या सरळ पट्टीवर मी मूठ पिळली आणि गाडी त्याच्या बाजूनं अशी गेली की मलाच भीती वाटली. शंभराची गाडी तशी जात नाही.

त्यालाही ते कळलं. हेल्मेट काढून तो तसाच मंडळाच्या टेबलापाशी गेला. "माजी हरकत हाय. हे इंजन शंभराचं न्हाई. उघडा."

मंडळाची पोरं एकमेकांकडं बघायला लागली. नियम लिहिला होता, पण इंजिन उघडायला पान्हे आणि मापायला व्हर्नियर कुणाकडं? माझ्याकडं. सगळ्या माळावर सिलिंडरचं भोक मापता येणारा एकच माणूस होता, आणि इंजिनही त्याचंच. कुणी म्हणालं नांदेडाहून मिस्त्री बोलवा. कुणी म्हणालं आज कसं जमल. तेवढ्यात एक पागोटेवाले म्हातारबाबा पुढं आले. त्यांच्या कमरेच्या बटव्यात कायम खंडोबाचा भंडारा असायचा. ते म्हणाले, "कशाला उघडता? भंडारा उचला. विषय खलास."

आमच्याकडं हे असंच. बांधाचं भांडण असो, शेळी चोरीची असो, हळद हातात घेऊन माणूस बोलला की पुढं कुणी बोलत नाही. यंत्राचं भांडणही त्यातच मिटवायचं, हे तेव्हा कुणाला वावगं वाटलं नाही.

मी हात पुढं केला. मी उचलणार होतो, हे लिहायला लाज वाटते पण उचलणार होतो. तो हळदवाला म्हणाला, "मिस्त्रीचा नको. मिस्त्री देवाला बी ऑईल पाजील." सगळे हसले. तो हसला नाही. तो म्हणाला, "वहिनींनी उचलावा. त्यांनी उचलला तर मला मान्य. मी घरी जातो."

बायको बायकांच्या घोळक्यात उभी होती. शेळीच्या सौद्यात शेळीचं वय सुद्धा खरं सांगणारी बाई, हे पंचक्रोशीत ठाऊक होतं. ती डोक्यावरचा पदर सारखा करत आली. म्हातारबाबांनी तिच्या तळहातावर भंडारा ठेवला. तिनं माझ्याकडं बघितलं. एकदाच बघितलं.

मी मान हलवली. हलवली म्हणजे होकार दिला.

ती म्हणाली, "माझ्या मालकाचं इंजन शंभराचंच हाय. खोटं असल तर हा भंडारा मला लाभू नये." आणि तिनं तो कपाळाला लावला.

हळदवाल्यानं गाडीला लाथ मारली, म्हणजे किक, आणि गेला. मला एक कप आणि दोन टायर मिळाले.

नवव्या-दहाव्या दिवशी मी मोठं सिलिंडर उतरवायला बसलो. शंभराचं परत चढवून सगळं विसरून जायचं होतं. ती बाजाराला गेली होती, पण शेळीला गिऱ्हाईक लवकर मिळालं म्हणून लवकर परत आली. पिस्टन बाकड्यावर होता. तिनं सवयीनं उचलला, रॉकेलात बुडवला, पुसला आणि बांगडीत ठेवायला गेली.

बसेना.

तिनं फिरवून बघितला. उलटा करून बघितला. बांगडी वाकडी झाली का म्हणून बोट फिरवलं. मग फळीवरचा दुसरा, शंभरचा जुना पिस्टन घेतला. तो आपला नेहमीसारखा आत उतरला.

"हा कुणाच्या गाडीचा?"

"एका गिऱ्हाईकाचा."

"कंच्या गिऱ्हाईकाचा? आठ दिवसांत एकच इंजन उघडलंय तुमी."

ती खाली बसली. पिस्टन तिच्या मांडीवर होता, त्याचं रॉकेल लुगड्यात उतरत होतं. म्हणाली, "मला नुसता डोळा केला असता तरी मी म्हागं सरले असते. बाईमाणूस हाय, अंगावर शहारा आला म्हणले असते. काहून मान हालवली?"

"समद्यांसमोर..."

"समद्यांसमोर मी बोलले की. तुमी कुटं बोलला?"

मी हातातला पान्हा पुसत बसलो.

मग ती म्हणाली, "जा. त्या माणसाला सांगा. तुमी सांगितल्याबिगर मी भंडाऱ्याला हात लावायची न्हाई. लाभू नये म्हणलंय मी माझ्या तोंडानं."

"जाईन."

"कवा?"

"बाजाराच्या दिवशी."

त्यानंतर किती बाजार गेले.

त्याचं गाव माझ्या फाट्यापासून दोन कोसही नसेल. दर आठवड्याला त्या रस्त्यानं जायचो. एकदा हिय्या करून त्याच्या दारात गेलोसुद्धा. त्याची हळद शिजत होती, मोठ्या कढईतून वाफ निघत होती. त्यानं बाज टाकली, चहा दिला. म्हणाला, "मिस्त्री, त्या दिवशी मी लई बोललो, मनात ठेवू नका." आता सांग, असं मला आतून कुणीतरी म्हणत होतं. मी विचारलं, "औंदा हळदीला भाव काय म्हणतो?" त्यानं भाव सांगितला. मी चहा पिऊन घरी आलो.

ती दारात उभी. "सांगितलं?"

"गर्दी व्हती."

"हळद शिजवायला गर्दी व्हती?" ती म्हणाली आणि शेळ्यांकडं गेली. माझ्या अंगाला शिजल्या हळदीचा वास येत होता, तो तिला आला असणार.

दर साली चंपाषष्ठीला आमच्या घरात तळी भरतात. ताटात भंडारा, खोबरं, पाच जण ताट उचलतात, येळकोट करतात, मग सगळ्यांच्या कपाळाला भंडारा लागतो. ती सगळी तयारी करायची. देव घासायची, खोबरं फोडायची. आणि तळी उचलायची वेळ आली की गोठ्याच्या दाराशी जाऊन उभी राहायची. माझी भावजय भंडारा घेऊन जायची, तर म्हणायची, "शेणाचा हात हाय, ऱ्हाऊ दे." पहिल्या वर्षी कुणी लक्ष दिलं नाही. मग घरातले विचारायला लागले. ती कुणाला बोलली नाही. मला चारचौघांत उघडं पाडायचं तिनं ठरवलं असतं तर एका वाक्यात झालं असतं. मी ताट उचलायचो. माझ्या कपाळाला भंडारा, तिचं कपाळ नुसतं कुंकवाचं.

शर्यतीचा कप तिनं शेळ्यांच्या गोठ्यात नेऊन ठेवला होता, त्यात मीठ घालायची. शेळ्यांनी चाटून चाटून त्याचा मुलामा घालवला.

सुरवातीला ती दर बाजाराला विचारायची, "गेलता?" मग सणासुदीला विचारायची. शेवटची दोन-तीन वर्षं तिनं विचारणंच सोडलं. मला मूर्खाला वाटलं, विसरली.

तिचं पोटाचं दुखणं निघालं. नांदेडाला नेलं, परत आणलं. तकलीफ फार होती, पण ओरडली नाही. एका दुपारी गेली. घरच्या बायकांनी तिला न्हाऊ घातलं, हिरवी साडी नेसवली, हळद-कुंकू लावलं. मग भावजयीनं देव्हाऱ्यातला भंडारा आणून माझ्या हातावर ठेवला. "भावजी, तुमीच लावा. लई वरसं झाली, तिनं लावून घेतला न्हाई."

नको म्हणायचं तर का नको ते सांगावं लागलं असतं. दारात पन्नास माणसं. मी लावला. नऊ वर्षं जी गोष्ट तिनं अंगाला लागू दिली नव्हती, ती मी तिला बोलता येत नसताना लावली. शर्यतीच्या माळावर तिनं माझ्याकडं बघितलं होतं. आता तिचे डोळेही मिटलेले होते.

तेरावं झालं आणि मी गेलो. नऊ वर्षं जे जमलं नाही ते एका सकाळी जमलं. फडक्यात दोन्ही पिस्टन घेतले आणि फळीवरची बांगडी तार तोडून घेतली.

हळदवाला आता पिकला होता. अंगणात हळद वाळत घालत होता. मला बघून उठला. "या मिस्त्री. वहिनी गेल्याचं कळलं. यायला जमलं न्हाई, गुडघा धरलाय."

मी बाजेवर फडकं सोडलं. बांगडी ठेवली. म्हणालो, "हा शंभराचा पिस्टन. हा त्या दिवशी माझ्या गाडीत व्हता तो. बघा."

त्यानं लहान पिस्टन बांगडीत घातला, काढला. मोठा घालून बघितला. बराच वेळ दाबून बघत बसला, जसा काही बसेल.

"एकशे बत्तीस," मी म्हणालो.

"तरीच," तो म्हणाला. मग थोडा हसला. "माज्या दीडशेला तुमी बत्तीस सीसी चोरून हाणलं म्हणा की. मी समजत व्हतो माज्यात खोट हाय. त्यानंतर मी शर्यतीत उतरलोच न्हाई." मग हसणं थांबलं. "वहिनींना ठाव व्हतं?"

"उचलताना न्हाई. म्हागून कळलं. या बांगडीनंच कळलं. तवापासून तिनं भंडारा लावला न्हाई. तुमाला सांगून या म्हणायची."

"मग तवाच काहून न्हाई आलात?"

मी बांगडीवर बोट फिरवायला लागलो.

"तवा आला असता," तो म्हणाला, "तर मी तुमाला चार शिव्या घातल्या असत्या, वर चहा पाजला असता. आन त्या बाईनं घरी जाऊन भंडारा लावला असता. एवढंच व्हतं ना?"

"एवढंच व्हतं."

त्यानं पिस्टन फडक्यावर ठेवला. मी त्याला म्हणालो, माझ्या गावात चला, देवळापाशी मी सगळ्यांसमोर सांगतो, तुम्ही साक्षीला उभे राहा. मोकळं व्हायचं होतं मला.

तो तडकलाच. "आता? शर्यत कुणाला आठवते? तुमी जिकलात का मी, कुणाला बी इचारा, सांगता येणार न्हाई. पर वहिनींनी भंडारा उचलला ते आमच्या गावात अजून सांगतात. बाईनं उचलला, मानसानं हरकत माघारी घेतली. तुमी देवळापाशी बोललात तर तुमी मोकळे व्हाल आन खोटी ती ठरल. जित्तेपणी तिचं तोंड बंद ठेवलंत. आता नाव बी घालवता का?"

चहा त्यानं दिला. मी प्यालो. निघताना त्यानं बांगडी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "ही घरी ठेवा. पिस्टन कुटं बी टाका."

म्हणून मी इथं कुणाचं नाव घातलेलं नाही. आमच्या गावाचं नाही, त्याचं नाही, तिचं तर नाहीच. ज्याला वाचायचं त्यानं वाचावं, वाचून कुणी तिच्या नावापर्यंत पोचू नये एवढं बघितलंय. तिचा शब्द आमच्याकडं अजून खरा आहे.

गेल्या चंपाषष्ठीला घरात तळी भरली. ताट उचलायच्या वेळी मी गोठ्याच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. भावजय भंडारा घेऊन आली. मी म्हणालो, "ऱ्हाऊ दे, हात ऑईलचा हाय."

तिनं माझ्या हाताकडं बघितलं. गॅरेज बंद होऊन चार वर्षं झालीत.